शून्य युनिटांचं बिल

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी शंभरेक माणसांसमोर माइकवरून एक चुकीची गोष्ट अगदी ठामपणे सांगितली. लंडनमधल्या हाउन्सलोतल्या एका शाळेचा हॉल आमच्या मराठी मंडळाने भाड्याने घेतला होता. जेवणं उरकत आली होती, मुलांच्या नाचाची गाणी काही केल्या स्पीकरला जोडली जात नव्हती आणि मधला वेळ भरून काढायचा होता. मंडळाच्या सेक्रेटरी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तू बँकेत आहेस ना? सगळे गॅस-विजेच्या बिलांबद्दल विचारतायत. दोन मिनिटं सांग काहीतरी."

मी बँकेत आहे म्हणजे बँकेचं सॉफ्टवेअर टेस्ट करतो. माझ्या स्वतःच्या घराचं बिल डायरेक्ट डेबिटने जातं आणि ते मी त्याआधी कधी उघडूनही पाहिलं नव्हतं. पण माइक हातात आला की माणसाला सगळं येतं. मी म्हणालो, "घाबरायचं कारण नाही. प्राइस कॅप आहे, म्हणजे नियामकाने घातलेली मर्यादा. बातम्यांमध्ये वर्षाचा जो आकडा सांगतात, त्याच्या वर बिल जाऊच शकत नाही."

खाली उतरल्यावर एक काकू माझ्याजवळ आल्या. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. सत्तरीच्या पुढच्या, लहानखुऱ्या. एअरपोर्टजवळच्या एका किचनमध्ये विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. काका गेल्यापासून तीन बेडरूमच्या घरात एकट्या असतात. मूलबाळ नाही.

"म्हणजे कितीही वापरलं तरी?" त्यांनी विचारलं.

"कितीही वापरलं तरी."

"नक्की?"

"नक्की, काकू."

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांचा फोन आला. "जरा येऊन जा. एक कागद समजत नाहीये."

दार उघडलं तेव्हा आतून जी ऊब आली, ती मला अजून आठवते. बाहेर गाड्यांच्या काचांवर बर्फ होता आणि काकू घरात सुती साडीवर होत्या, स्वेटर नाही, पायात मोजे नाहीत. मागची खोली, जी काका गेल्यापासून बंद असायची, तीही उघडी होती. तिथे शिलाई मशीन मांडलेलं होतं आणि खिडकीत तुळशीची कुंडी. काकू म्हणाल्या, "पन्नास वर्षांत पहिल्यांदा या देशात मला थंडी वाजली नाही बघ. तू सांगितलंस ना, तेव्हापासून हीटिंग बंदच केलं नाही. दिवसरात्र."

मग त्यांनी बिल माझ्या हातात दिलं. तीन महिन्यांचं. जवळजवळ हजार पौंड.

मी त्यांच्या डायनिंग टेबलाशी बसून ते चार पानी बिल वाचलं. खरंतर आयुष्यात पहिल्यांदाच बिल वाचलं. पहिल्या पानावर फक्त एकूण रक्कम असते. तिसऱ्या पानावर असतो तो खरा हिशोब: एका युनिटला इतके पेन्स, गुणिले वापरलेली युनिट्स. आणि त्याखाली स्टँडिंग चार्ज, रोजचा ठरलेला, गुणिले दिवस. गॅसचा वेगळा, विजेचा वेगळा. मग मी फोनवर शोधलं. कॅप असते ती या दरांवर. कंपनीने एका युनिटला जास्तीत जास्त किती घ्यायचे आणि रोजचा स्टँडिंग चार्ज जास्तीत जास्त किती, एवढंच ती ठरवते. बातम्यांमधला वर्षाचा आकडा साधारण वापर करणाऱ्या एका घराचा अंदाज असतो. जास्त जाळलं तर जास्त बिल. अगदी शाळेतल्या मुलालाही कळेल इतकं सोपं होतं ते, आणि मी वाचलंच नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "माझं चुकलं. मी तुम्हाला उलटंच सांगितलं."

मी समजावत असताना त्या शांतपणे ऐकत होत्या. चिडल्या नाहीत. त्या चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. शेवटी उठल्या, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटची चकती पार डावीकडे फिरवली आणि खुंटीवरचा कार्डिगन अंगात घातला. मी म्हणालो, अर्धं बिल मी भरतो. त्या म्हणाल्या, "वेडा आहेस का? ऊब मी घेतली." थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण एक कर. सगळ्यांसमोर सांगितलं होतंस, आता सगळ्यांसमोरच दुरुस्त कर. मी एकटीच भोळी असेन असं नाही."

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात मी आपणहून माइक मागितला. मी चुकीचं सांगितलं होतं, एवढं वाक्य म्हणताना कान तापले. पण काकूंचा अंदाज बरोबर होता. नंतर चहाच्या रांगेत चारजणांनी तरी मला सांगितलं की तेही तसंच समजत होते. त्यातला एक तर अकाउंटंट होता. काकू मात्र त्या दिवशी आल्या नव्हत्या.

त्या का आल्या नाहीत ते मला जूनमध्ये कळलं. मी आंबे घेऊन गेलो होतो. दार उघडायला त्यांना वेळ लागला. डाव्या पायाला पांढरं बँडेज होतं.

"काय झालं?"

"काही नाही रे. भाजलं थोडं."

थोडं नव्हतं. हळूहळू सगळं बाहेर आलं. हजार पौंड त्यांनी साठवलेल्या पैशांतून एकरकमी भरले होते आणि त्यानंतर गॅस पार बंद करून टाकला होता. नुसतं हीटिंग नाही, तर मीटरजवळची मुख्य चावीच. म्हणजे नळाला गरम पाणीही नाही. स्वयंपाक विजेच्या छोट्या शेगडीवर आणि अंघोळीसाठी केटलमध्ये पाणी उकळून ती केटल जिन्याने वर न्यायची. मार्चपासून हे चाललं होतं. पाडव्याला त्यांना ताप होता म्हणून त्या आल्या नव्हत्या, आणि तेही कुणाला सांगितलं नव्हतं. मेमध्ये एका सकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर तोल गेला आणि केटलमधलं पाणी पावलावर पडलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स आठवड्यातून दोनदा ड्रेसिंग करत होती.

मी जिन्याकडे पाहत राहिलो. दिवाळीतली माझी ती दोन मिनिटं इथपर्यंत आली होती.

"काकू, मी आत्ता गॅस चालू करतो."

"हात लावायचा नाही." असा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. "मार्च ते मेचं बिल यायचंय या महिन्यात. शून्य येणार आहे. ते शून्य मला बघायचंय. मग कर चालू."

मी दर दोन दिवसांनी जाऊ लागलो. माझी बायको त्यांना आमच्याकडे अंघोळीला घेऊन यायची. सुरुवातीला त्या संकोचायच्या, मग बॅगेत आपला टॉवेल घालून तयार बसायच्या.

बिल आलं. त्यांनी ते न उघडता माझ्यासाठी ठेवलं होतं. विजेचं होतं ते होतं. गॅसच्या रकान्यात युनिट्स शून्य. त्याखाली ब्याण्णव दिवसांचा स्टँडिंग चार्ज, रोजचे तीस-बत्तीस पेन्स, वर कर. तीस पौंडांच्या आसपास.

काकूंनी तो आकडा बोटाने दाखवला. "हे काय?"

"स्टँडिंग चार्ज. तो वापरला नाही तरी लागतो."

"वापरलंच नाही तर कसले पैसे?"

आदल्या बिलात तिसऱ्या पानावर मी हे वाचलं होतं. पण त्यांना सांगताना मी फक्त युनिट्सबद्दल बोललो होतो, कारण हजार पौंडांतले जवळजवळ सगळे युनिट्सचेच होते. हजार पौंडांना त्या चिडल्या नव्हत्या. या तिसांना चिडल्या. "फोन लाव," म्हणाल्या.

चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी फोनवर आली. मी स्पीकर चालू केला. काकू स्वतःच बोलल्या, त्यांच्या एअरपोर्टवरच्या रोखठोक इंग्रजीत. मुलगी चांगली होती. तिने सावकाश सांगितलं की रस्त्याखालची पाइपलाइन, मीटर, त्याची देखभाल, बिलं पाठवणं हा सगळा खर्च तुम्ही गॅस वापरा अगर नका वापरू, होतच असतो आणि तो सगळ्या घरांवर वाटला जातो.

 काकू मला मराठीत म्हणाल्या, "हे कळतं मला. विमानात दोनशे माणसं असोत की बारा, आमचा ट्रक तेवढाच जायचा. ड्रायव्हरला पगार तेवढाच." मग फोनकडे वळून इंग्रजीत म्हणाल्या, "पण फ्लाइट कॅन्सल झाली तर आम्ही ट्रक पाठवत नव्हतो."

पलीकडची मुलगी हसली आणि लगेच सॉरी म्हणाली. मग तिने सांगितलं की गॅस कायमचाच नको असेल तर मीटर काढून घेता येतो, म्हणजे हा चार्ज बंद होईल. मात्र पुढे कधी पुन्हा हवा झाला, तर नव्याने जोडण्याचा खर्च येईल, आणि तो थोडाथोडका नसतो.

काकूंनी विचार करायला आठ दिवस मागितले. त्या आठ दिवसांत त्यांनी माझ्याकडून एका कागदावर मोठ्या अक्षरांत दोन गोष्टी लिहून घेतल्या: गॅस ठेवला तर काय, काढला तर काय. घर विजेवर तापवायचं तर युनिटचा दर गॅसच्या कितीतरी पट, हे पाहून त्यांनी कागद बाजूला ठेवला.

"चालू कर," म्हणाल्या.

मीटर जिन्याखालच्या कपाटात आहे. मी आत वाकून चावी फिरवली, बॉयलर दोनदा खोकला आणि पेटला. काकूंनी स्वयंपाकघरातल्या नळाखाली हात धरला. पाणी गरम व्हायला मिनिटभर लागलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, हात मनगटापर्यंत भिजेपर्यंत.  

जाताना त्या म्हणाल्या, "तुला भरपाई करायची होती ना? मग दर महिन्याच्या पहिल्या तारखेला येऊन रीडिंग घेत जा. माझे गुडघे त्या कपाटात पुन्हा पुन्हा वाकत नाहीत. आणि रीडिंग न दिल्यावर कंपनी पाठवते ते अंदाजाचं बिल मला नको."

तेव्हापासून मी जातो. टॉर्च घेऊन आत शिरतो आणि आकडे ओरडून सांगतो, काकू ते वहीत लिहितात. आता हीटिंग सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास चालतं. शिलाई मशीन त्यांनी पुढच्या खोलीत आणलं. पावलावर गुलाबी डाग राहिला आहे, मोज्यात झाकला जातो. दर तीन महिन्यांनी कॅप बदलते तेव्हा त्या मला फोन करतात आणि मी आधी वाचतो, मगच सांगतो. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणतो.

स्टँडिंग चार्ज मात्र त्यांना अजून पटलेला नाही. गेल्या महिन्यात त्यांनी आमच्या भागाच्या खासदारांना पत्र लिहायचं ठरवलं. त्या मराठीत सांगत होत्या, मी इंग्रजीत टाइप करत होतो. "लिही की कमी वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या बिलात हा भाग सगळ्यात जड पडतो. लिही की जो बचत करतो त्याला बचतीचा उपयोग दिसला पाहिजे." मी एक-दोन ठिकाणी भाषा मऊ केली होती. त्यांनी वाचून घेतली आणि परत कडक करायला लावली.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं, दोन पानी, अतिशय सभ्य. या विषयाची आम्हाला जाणीव आहे, नियामकाचा विचार चालू आहे, वगैरे. काकूंनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं.

"यात उत्तर नाहीये," त्या म्हणाल्या. "लॅपटॉप उघड."