रंगाचं पातेलं

मेहकरातले आमचे शेजारी खेळण्यातल्या बसगाड्या जोडतात आणि त्यांची पांढरी प्लास्टिकची चाकं गरम रंगात बुडवून काळी करतात. शेगडी अंगणात, हातात रबरी मोजे आणि रंगाचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात जाणार नाही, हे त्यांचे नियम.

परवा मी त्यांच्याकडे चहा पीत असताना त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, अंगणात येऊन थबकल्या. "हे माह्या आईचं पातेलं हाये. नाव नाही वाचलं? आणा, घासून घेते."

शेजारी चाकांहून काळे पडले. मी चहा प्यायचा थांबलो. त्यांनी चाकं काढली, रंग बादलीत ओतला आणि कोरलेलं नाव सांभाळून पातेल्याच्या बुडाला खिळ्यानं भोक पाडलं.

"याच्यात आता दूध तापवाचं नाही."

"मंग आज चाकंच जेवा," म्हणत वहिनींनी पातेल्याला हात घातला.

"थांब," ते म्हणाले. "पहिले मोजे घाल."