सातवी ओळ भरली, म्हणून तळेघरला

जुन्नरहून निघाले आणि घोडेगावला बस बदलली. कंडक्टरने विचारलं, "आजी, भीमाशंकर का?"

"नाही. तळेघर. माफी मागायला."

"मंग बसा निवांत. पंच्याहत्तरीपुढं तिकीटच न्हाई."

पन्नासेक वर्षांपूर्वी मी जुन्नरच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. कडक इस्त्रीची साडी, वर पदवीचा तोरा. ती बाई आज भेटली तर तिचा पदर खुर्चीला बांधून पळेन! एकदा वर्गात सांगितलं, परदेशात नवं जड मूलद्रव्य बनवलंय, पण ते सेकंदभरही टिकत नाही. तळेघरहून येऊन वसतिगृहात राहिलेली सिंधू उठली. "टिकलं न्हाई म्हंजी ते नव्हतंच का, बाई?"

"टिकत नाही ते मोजायचं नाही. बस खाली!"

वर्ग हसला. तिचा भाऊ आदल्याच आठवड्यात, जन्मून तीन दिवसांनी गेला होता, हे मला संध्याकाळी कळलं. तरी गप्प राहिले. बाईंनी मुलीची माफी मागायची म्हणजे काय!

परवा नातीच्या पुस्तकात मूलद्रव्यांच्या तक्त्याची सातवी ओळ पूर्ण भरलेली दिसली. शेवटच्या चौकोनात ओगॅनेसॉन. मग घरी बसवेना.

डिंभे धरणाचं पाणी बराच वेळ खिडकीशी होतं. तळेघरला उतरून खाचरांच्या (बांध घातलेल्या भातशेतांच्या) कडेने निघाले, तर चप्पल चिखलात रुतली आणि मी थेट भातात बसले. एका बाईने हात दिला.

"कोन पावणं? अगं बया, बाई! आमाला बस खाली म्हणायच्या, आता सोताच बसल्या!"

सिंधूच ती. घरी नेऊन तिने नाचणीची भाकरी आणि खुरासणीची (कारळ्याची) चटणी वाढली.

"सिंधू, ते शेवटचं मूलद्रव्य डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. जगात त्याचे मोजकेच अणू झाले. तरी त्याला चौकोन आहे, नाव आहे. मी चुकले होते गं."

"लई उशीर केला तुमी." माझ्या ताटात आणखी चटणी वाढत म्हणाली, "नाव कवा ठेवलं त्याचं?"

"ते संपून गेल्यावर. कित्येक वर्षांनी."

"आमच्यात बाराव्या दिशी बारसं. त्यो तिसऱ्यालाच गेला."

ओट्यावर तिची नव्वदीची आई शेंगा सोलत होती. सिंधूने मोठ्याने विचारलं, "आये, आपल्या बारक्याचं नाव काय ठेवनार व्हतीस?"

म्हातारीचे हात थांबले नाहीत. "गेनू."

"कवा बोलली न्हाईस!"

"इचारलं कुनी?"

माफी मिळाली का, ते परतीच्या बसमध्येही मला ठरवता येईना. मी निघाले तेव्हा मायलेकी गेनूचे कान कुणासारखे होते यावर भांडत होत्या. मला निरोप द्यायचंही त्यांना सुचलं नाही. घोडेगाव येईपर्यंत मी त्यावरच खूश होते.