टेकडीवर पाणी चढवताना

नाशिकच्या सातपूरमधल्या एका पंपाच्या फर्ममध्ये मी हेड काढून देते. विहिरीतलं पाणी टाकीपर्यंत ढकलायला पंपाला किती जोर लागेल, तो उंचीच्या मीटरमध्ये मोजायचा, म्हणजे हेड. नवरा गेल्यापासून एकटीच राहते. घरी बोलायला कुणी नसतं, म्हणून साइटवर जायला मी कधी नाही म्हणत नाही.

नामपूरजवळच्या एका आजींचं काम आलं. घर टेकडीवर, विहीर पायथ्याला. पंप घरघरायचा, पण पाणी अर्ध्या चढावरच थांबायचं. निघायच्या आदल्या दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो खाली गावात राहतो.

"मॅडम, पंप चालणार नाही असं सांगून टाका ना. पाणी नसलं की आई आमच्यात येईल. वर एकटी पडली-बिडली तर?"

"आधी मोजते तर खरं," म्हणाले.

आजी आणि मी लेव्हल पाइप घेऊन चढलो. पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. दोन्हीकडचं पाणी स्थिर झालं की खूण करायची आणि पुढे सरकायचं. दगडांआड आजी दिसायच्या नाहीत, नुसती हाक यायची.

उन्हाळ्यात विहीर तळाला जाते, म्हणून उंची तळापासून धरली. पाइपात घासून वाया जाणारा जोर त्यात मिळवला, मग बाक आणि व्हॉल्व्हचा. आधीच्या माणसानं नुसता डोळ्यांना दिसणारा चढ धरला होता, आणि पाइपही बारीक घातला होता. जाड पाइप, जास्त हेडचा पंप, की पाणी चढणार होतं.

ओट्यावर चहा घेताना आजींनी विचारलं, "तू बी एकलीच शे का?"

"हो."

"भ्याव वाटत नही?"

"भीती नाही. पण दिवस मावळला की नको वाटतं."

"माले बी वाटस," त्या घराकडं बघत म्हणाल्या. "पन मनं घर शे हाई."

मुलाला मी फोन केला. "पाणी चढेल. खोटं मला सांगता येणार नाही. पण पंप चालू करायचा स्टार्टर खाली विहिरीवर आहे. आजींनी रोज उतरायचं का?"

तो म्हणाला, "मी जात जाईन."

मोबाईलवरून चालणारा स्टार्टर मिळतो. तो मी सुचवला नाही.

पंप बसला त्या दिवशी बटण त्यानंच दाबलं आणि धापा टाकत वर पळत आला. टाकीत धार पडत होती. माय-लेक तिच्याखाली हात धरून एकमेकांवर ओरडत होते, पाइप कुठून गळतोय म्हणून. आजींनी जेवायला थांब म्हटलं. थांबायचं होतं, पण नाशिकची एसटी चुकली असती.

बसमध्ये फोनमधली नावं वरखाली केली. कुणाला सांगावं कळेना. शेवटी शेजारच्या सीटवरच्या बाईंना म्हणाले, "आज एका टेकडीवर पाणी चढवलं."

"हो का?" त्या म्हणाल्या, आणि सरकून मला नीट बसायला जागा दिली.