ओट्यावर ठेवलेली पत्रकं

आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती. बाबा बल्लारपूर स्टेशनवर प्रभूची पत्रकं वाटायचे आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले. मोठी झाल्यावर मीही वाटू लागले. चिमूरच्या बाजारात लोकांनी डोळ्यांदेखत फाडली, तरी मी पुढच्याला देत राहिले. फक्त आमच्या गल्लीत मी कधी एकही दिलं नाही. तिथे मला सगळे ओळखत होते.

आणि तरी चर्चच्या तरुण संघात सर्वांत तावातावाने मीच बोलायचे: सेवा लांबच्या गावात नाही, शेजारी करायची असते. गेल्या उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या समोरच्या घरची आजी अंथरुणाला खिळली आहे. सून कामाला जाते, दुपारी तिची कूस बदलायला कोणी नाही. तू जाशील?"

मी हो म्हटलं. पण बाबांनी एकदा त्या आजीला पत्रक दिलं होतं. तिने ते आमच्या दारात परत आणून ठेवलं होतं, वर दगड ठेवून.

तीन दिवस मी रस्ता ओलांडला नाही. दमले होते, असं पाळकसाहेबांना सांगितलं. ते खोटं नव्हतं. झेरॉक्सच्या दुकानात सकाळपासून उभी असते. पण खरं कारण वेगळं होतं. गल्ली म्हणेल, आली बाटवायला.

चौथ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत गेले. दाराला नुसती कडी होती.

"तू थ्या कागदवाल्याची पोरगी व्हय नं?" आजी म्हणाली.

"हो, आजी."

"कागद नोको देऊ. मले वाचता नाई येत. पाठ जळून राह्यली, थे पाह्य पयले."

पाठीवर बोराएवढी जखम होती. मी ती पुसली, पावडर लावली, आजीला कुशीवर केलं. आमच्या चर्चची रीत अशी की आजाऱ्याकडून निघताना प्रार्थना करायची आणि उशाशी एक पत्रक ठेवायचं. लहानपणापासून पाहिलेलं. हाताने ते आपसूक केलं. घरी परतेपर्यंत माझ्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेलीच नव्हती. दारात उभी होती, हातात पत्रक.

"हे का व्हय?"

"वहिनी, सवयीनं राहून गेलं."

"सवयीनं? मंग काल पाठ पुसली, थे बी या कागदासाठीच का?"

माझ्याकडे उत्तरं होती. धर्मस्वातंत्र्यावर, अपप्रचारावर, प्रत्येक टोमण्यावर मी पानंच्या पानं लिहिली आहेत. हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता. तेवढ्यात आतून आजी ओरडली, "मंग भांडजा वो! पयले मले कुशीवर करा!"

सून आत वळली नाही. "पिशवी दाखव," ती म्हणाली. "गोदामाच्या गेटवर आमची रोज झडती होते. इथी मी घेईन."

त्या झडतीविरुद्ध मी कधीतरी एक जळजळीत पत्रक लिहिलं होतं. हिलाच गेटवर दिलं होतं. हिने ते भाकरीच्या फडक्यात खोचून ठेवलं होतं; वाचायला त्राण कुठलं?

मी पिशवी उघडली. टॉवेल, पावडर, पाण्याची बाटली, आणि खाली शंभरेक पत्रकांचा गठ्ठा. गल्लीतल्या दोन खिडक्या उघड्या होत्या. मी गठ्ठा काढला, बाहेर ओट्यावर ठेवला. वारा होता, म्हणून वर दगड ठेवला. सून बाजूला झाली.

दोघींनी मिळून आजीला उचललं. ती फार जड आहे.

आता पिशवीत टॉवेल आणि पावडरच असते. पहिला आठवडाभर सून रोज सकाळी कामाला निघताना आमच्या दारात येऊन पिशवी पाहून जायची, मग तिने ते सोडलं. प्रार्थना मी पाठ पुसताना मनात करते. एकदा आजी म्हणाली, "ओठ हालून राह्यले तुहे. माह्या पाठीसाठी बी मांगजो."

"तेच मागते, आजी."

"मंग जरा जोरानं मांग. जखम काई आयकून नाई राह्यली."

खिडक्या अजून उघडतात. रस्ता ओलांडताना गल्ली काय म्हणेल, हे अजून मनात येतं. पण दुपारपर्यंत मी इतकी दमलेली असते, की त्याच्याकडे बघायला थांबत नाही.