आकारामचा फॉर्म परत येत नाही

आकाराम हवालदार आणि भूपाल मगदूमची दीपाली यांची पहिली भेट झाली तेव्हा, आकारामच्या सांगण्यानुसार, दोन दिवस गेलेली लाईट आपोआप आली, प्रिंटरनं अडकलेला कागद स्वतःहून बाहेर टाकला आणि रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॉलीतलं गाणं कुणी न सांगता बंद झालं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली, की तो त्यात एक म्हैस वाढवतो. ती म्हणे दुकानाच्या दारात थबकली आणि काम होईपर्यंत आत बघत उभी राहिली.

घडलं होतं ते एवढंच. आष्टा-सांगली रस्त्यावरच्या एका गावात आकारामचं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान आहे. हंबीररावाच्या मुलाचा लष्कर भरतीचा फॉर्म भरायचा होता आणि ठरलेल्या तारखेला त्याला साडेसतरा वर्षं पूर्ण होतात का, हे आकाराम आधी बोटांवर, मग कॅलेंडरवर, मग मोबाईलवर मोजत होता. तिन्ही ठिकाणी तीन वयं निघाली. आधारकार्डाची झेरॉक्स काढायला आलेल्या आठवीतल्या दीपालीनं जन्मतारखेवर एक नजर टाकली आणि म्हणाली, “सतरा वर्सं पाच म्हैनं एकोणतीस दिवस. एक दिवस कमी पडतोय.”

हंबीरराव तिच्यावर अजून रागावून आहे. आकारामनं मात्र खुर्चीतून उठून तिला कडक सॅल्यूट ठोकला.

आकाराम फौजेत सतरा वर्षं क्लार्क होता. बंदूक त्यानं ट्रेनिंगमध्ये चालवली तेवढीच. बाकी सारी सर्व्हिस जवानांचे रजेचे अर्ज टाईप करण्यात गेली. सुखी माणसाला रजा मिळत नाही, हे त्याला पहिल्या महिन्यातच कळलं. मग त्याच्या टाईपरायटरवर शेकडो आया आजारी पडल्या. काही तर वर्षातून तीनतीनदा पडल्या आणि जवान रजेवरून परतला की खडखडीत बऱ्या झाल्या.

गावी येऊन दुकान टाकल्यावर हीच विद्या कामी आली. पेन्शन, रेशन, वसतिगृह, नुकसानभरपाई. आकारामचा फॉर्म कधी परत आला नाही. त्याच्या दुकानात शिरणारा माणूस धडधाकट असायचा आणि बाहेर पडताना कागदावर कसाबसा जीव धरून असायचा. आटपाडीचे पाव्हणेसुद्धा मुद्दाम त्याच्याकडून अर्ज लिहून न्यायचे. दुष्काळ त्यांच्याकडे अस्सल होता, पण तो कागदावर कसा आणायचा हे आकारामला जास्त कळायचं.

दीपाली नववीत गेली त्या वर्षी शाळेत एक नोटीस लागली. नववी-दहावीतल्या हुशार मुलांसाठी कराडला एक आणि सांगलीला एक, असे दोन प्रगत गणित-विज्ञान वर्ग निघणार होते. सकाळी आपापली शाळा करायची आणि दुपारी दोन ते पाच कॉलेजात बसून पुढच्या इयत्तांचं शिकायचं. सांगलीत तीस जागा. अर्ज पाहून निवड, मग मुलाखत. दीपालीनं शाळेच्या पुस्तकातली सगळी गणितं जुलैतच संपवली होती आणि आता ती मागच्या बाजूनं पुन्हा सोडवत होती. तिला तो वर्ग हवाच होता. भूपालनं हळदीचं काम टाकलं आणि बायको-मुलीला घेऊन तो थेट आकारामकडं आला.

“काळजी सोड,” आकाराम चष्मा पुसत म्हणाला. “तिसातली एक आपली. लिवून ठेव.”

फॉर्म स्क्रीनवर आला. पहिला रकाना, विद्यार्थ्याची विशेष क्षमता. आकारामनं लिहिलं, ‘विशेष काही नाही.’ गणितातील प्रगती: ‘बेताची. आकडे पाहून घाबरते.’ स्वतःहून सोडवलेला एखादा अवघड प्रश्न: ‘सोडवता आला नाही.’

“आण्णा,” दीपाली मागून वाचत होती, “मी कुटं घाबरतीया?”

“तू गप. तुला गणित कळतं, मला फॉर्म कळतो.”

“पर ह्यो वर्ग हुशार पोरांचा हाय.”

“हुशार पोराला कोण कशाला काय दील? ज्याला येत न्हाई त्यालाच देत्यात. सरकारचा नियम हाय त्यो.”

दीपालीनं बापाकडं पाहिलं. भूपाल मनातल्या मनात शेतात पोचला होता. “आण्णा म्हणत्यात तर आसंल बाई तसंच,” तो म्हणाला.

शेवटचा रकाना होता, प्रवेश का हवा. आकारामची बोटं इथं आपोआप चालली. ‘घरची परिस्थिती नाजूक. आई वारंवार आजारी.’ त्या वेळी दीपालीची आई चंदनबाला दुकानाबाहेर हळदीचं पोतं एकटीनं टेम्पोत चढवत होती.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. दीपालीची निवड झाली होती आणि यादीत तिचा पहिला नंबर होता. पाकीट दुकानाच्या पत्त्यावर आलं होतं. आकारामनं पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पेढे आणायला सायकल काढली. अर्ध्या गावाचं तोंड गोड झाल्यावर दीपाली शाळेतून आली आणि तिनं तिसरी ओळ वाचली. निवड ‘मूलभूत गणित उजळणी वर्गा’साठी होती. कच्च्या मुलांसाठी कॉलेज दर रविवारी हा वर्ग भरवायचं. अर्जातली अवस्था पाहून त्यांनी तिला कळवळ्यानं तिकडं ढकललं होतं.

तिनं पत्र घडी घालून टेबलावर ठेवलं आणि ती घरी गेली. हातात उरलेला पेढा आकारामनं परत पुड्यात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो फौजेचा कोट घालून, छातीवर तीन पदकं लावून, मायलेकींना घेऊन सांगलीला गेला. वर्गाचं काम पाहणाऱ्या संयोगिता मॅडमनी अर्ज समोर घेतला.

“हा तुम्ही भरलात?”

“व्हय, मॅडम.”

“मुलगी आकडे पाहून घाबरते?”

“आकडं तिला घाबरत्यात.”

“आई वारंवार आजारी असते?”

“कोण, मी?” दारात उभी असलेली चंदनबाला कडाडली. “मला काय धाड भरलीया?”

मॅडमनी ओठ दाबून हसू आवरलं आणि अकरावीच्या पुस्तकातलं एक गणित दीपालीपुढं ठेवलं. दोन मिनिटांत कागद परत आला. मॅडमनी तो वाचला, दुसरं गणित दिलं. तोही कागद परत आला. मग त्यांनी चष्मा काढला.

“हे अर्जात का नाही लिहिलंत? काल यादी लागली. तीस जागा भरल्या.”

“खोटं मी लिवलं. शिक्षा पोरीला का?”

“शिक्षा नाही हो ही. जागाच नाही.”

“एकतिसाव्या जागेसाठी अर्ज करतो की. आत्ता लिवतो. विद्यार्थिनीची परिस्थिती नाजूक…” एवढं बोलून आकाराम थांबला. चंदनबालेनं पदराआड तोंड फिरवलं.

मॅडमनी कपाटातून एक जुनं पुस्तक काढून दीपालीला दिलं. “पुढच्या वर्षी दहावीत असशील तेव्हा ये,” त्या म्हणाल्या.

परतीच्या एसटीत आकारामनं पदकं काढून खिशात टाकली. आष्टा जवळ आल्यावर दीपालीनं विचारलं.

“आण्णा, खरं लिवलं आसतं तर काय बिघडलं आसतं?”

आकारामनं खिशातली पदकं चाचपली. “खरं लिवून कुणाला काय मिळाल्यालं मी बघितलंच न्हाई गं,” तो म्हणाला.

पुढच्या जूनमध्ये फॉर्म निघाला, त्याच्या आदल्या दिवशीच आकारामनं दुकान झाडून घेतलं, स्क्रीन पुसली आणि एका वहीत दीपालीबद्दल खरी खरी अकरा वाक्यं लिहून पुरी केली. ती लिहायला त्याला आठवडा लागला होता. पहिल्या वाक्यात म्हैस होती.

दीपालीनं फॉर्म घरी बसून बापाच्या मोबाईलवर दहा मिनिटांत भरला. विशेष क्षमतेच्या रकान्यात लिहिलं, ‘गणित येते.’ स्वतःहून सोडवलेल्या प्रश्नाच्या रकान्यात लिहिलं, ‘हंबीरराव काकांच्या मुलाचे वय.’ तिची निवड झाली. आकारामच्या दुकानात त्या कामासाठी फक्त गुणपत्रिकेची झेरॉक्स निघाली. एक पान, पाठपोट.