सर्व्हर नव्याण्णव टक्क्यांवर!

आमच्या ऑफिसातले किस्से कुणी लिहून ठेवले न्हाईत. सर्व्हर दुरुस्त झाला, की चहा यायचा आन चहासोबत कुणीतरी सांगायला सुरुवात करायचं. सहा वर्षांत इतके साचले, की नवीन माणूस कामावर आला तर त्याला आधी किस्से सांगावे लागायचे, मंग पासवर्ड.

ऑफिस जालन्यात, बियाणाच्या दुकानावरच्या माडीवर. लोकांच्या वेबसाईटी आम्ही भाड्यानं ठेवायचो. माणसं तीन. साहेब, सर्व्हर बघणारा विलास आन फोन उचलणारी मी. सर्व्हर एकच, दीडशे साईटी त्याच्यावर. एका विहिरीवर दीडशे मोटारी म्हणा ना! एकानं चालू सोडली की बाकीचे कोरडे, आन शिव्या मला!

*

पहिल्या उन्हाळ्यातली गोष्ट. विलास ओरडला, "साहेब, प्रोसेसर नव्याण्णव टक्क्यांवर गेला! तापला असंल!"

साहेब तरातरा उठले. स्वतःच्या केबिनमधला कूलर ओढत आणला आन विलासच्या मॉनिटरसमोर लावला. माझे सगळे कागद उडाले.

"साहेब, सर्व्हर हैदराबादला हाय," विलास म्हणाला.

साहेबांनी कूलर बंद केला. मंग माझ्याकडं वळून म्हणाले, "लाव हैदराबादला फोन. म्हणावं, खिडक्या उघडा!"

*

प्रोसेसर का चढतो ते पकडायला विलासनं स्वतः एक प्रोग्राम लिहिला. त्याला नावही स्वतःचंच दिलं. मोठा खूश होऊन गावाकडं, घनसावंगीला गेला.

सोमवारी सकाळी सर्व्हर परत नव्याण्णववर. विलास अजून जीपमध्ये, मागच्या फाळक्याला लटकलेला. मी फोन लावला.

"ताई, घाबरू नका. स्क्रीनवर यादी दिसती ना? जो प्रोग्राम जास्त खातो तो सगळ्यात वर असतो. वाचा नाव!"

"विलास, वरच्या ओळीत तुझंच नाव हाय रे!"

त्याचा प्रोग्राम क्षणाक्षणाला प्रोसेसरलाच विचारून राह्यलता, "किती काम हाय? किती काम हाय?" "बंद करा मला, ताई!" विलास जीपच्या हॉर्नवर ओरडला.

*

दोघं भाऊ होते. वाटण्या झाल्या तवापासून एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नात एक पंगतीला बसला की दुसरा उठायचा. पण दोघांच्या साईटी आमच्याकडंच! दोघांनीही ईमेलवर आपोआप जाणारं उत्तर लावून घेतलं होतं, "आपला निरोप मिळाला. लवकरच कळवतो."

एकदा धाकट्याकडून चुकून थोरल्याला मेल गेला. थोरल्याकडून आपोआप उत्तर, "निरोप मिळाला." त्याला धाकट्याकडून, "निरोप मिळाला." झालं! दुपारपर्यंत हजारो निरोप, प्रोसेसर नव्याण्णववर आन फोनवर माझा घसा बसलेला.

"साहेब, थांबवू का?" विलासनं विचारलं.

साहेब स्क्रीन बघत म्हणाले, "जरा दम धर. लई वर्षांनी बोलून राह्यलेत!"

*

विलासचं वय एकतीस. चार ठिकाणांहून नकार आल्ता. तिसरा नकार तर माझ्यासमोरच झाला. मुलीचे आजोबा ऑफिसात आल्ते.

"काय काम करता?"

"सर्व्हर सांभाळतो."

"कुठंय?"

"हैदराबादला."

आजोबा खुर्चीतून उठलेच. "ढोरं हैदराबादला आन राखण्या जालन्यात? न्हाई जमायचं बाबा!"

आम्ही लई हसलो. विलास हसला न्हाई. त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं.

*

मंग तीर्थपुरीचं स्थळ आलं. मुलगी शोभा, तिथल्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये शिकवायची. विलास पोहे खाऊन आला तो बदलूनच आला. दोनदा चहात साखर घातली. तिचे वडील म्हणाले होते, "चौकशी करून बेस्तरवारी कळवतो."

बेस्तरवार उजाडला. विलास फोनजवळून हलंना. चार वाजले आन सर्व्हर चढला. नव्याण्णव!

"ताई, हल्ला हाय हा! सगळं इंटरनेटच्या एकाच नंबरवरून येऊन राह्यलंय. आपल्याच साईटीवरचं, कामांच्या फोटोंचं पान कुणीतरी सारखं उघडतंय!"

दोन मिनिटांत त्यानं तो नंबर अडवून टाकला. प्रोसेसर खाली. साहेबांनी खुशीत भजे मागवले.

दहा मिनिटांनी फोन वाजला. मी उचलला आन स्पीकर लावला.

"मी तीर्थपुरीहून शोभा. तुमची साईट आमच्या सेंटरमधून उघडत न्हाई. मघाशी उघडत होती. वडील, चार काका, दोन मामा, सगळे सात मशीनवर बसलेत तुमचं काम बघायला, आठवं माझं. मामा म्हणून राह्यलेत, पोराचा धंदाच बसला!"

विलासच्या हातातलं भजं खाली पडलं.

"बाजूच्या दुकानातून बराबर उघडती," ती म्हणाली. "तुम्ही आमचा नंबर अडवला का?"

"...हो," विलास म्हणाला.

"का?"

"मला... हल्ला वाटला."

तिकडं हसू दाबल्यासारखा आवाज आला. "पान यायला उशीर लागला की मामा परत दाबतात. त्यांचं बघून काकाही. उघडा जल्दी!"

विलासनं उघडलं. सत्तर, नव्वद, नव्याण्णव!

"आता किती?"

"नव्याण्णव."

"थांबा." तिनं रिसीव्हर बाजूला ठेवला, तरी आवाज आला. "अण्णा, झाली चौकशी. मुलगा बिलकुल बराबर हाय. उठा सगळे, चहा घ्या घरी जाऊन!"

खुर्च्या सरकल्या. चपलांचा आवाज झाला. मंग फोन ठेवला गेला. इकडं आकडा उतरू लागला. साठ, तीस, चार.

"झाला ना ठीक?" साहेब म्हणाले. "बंद कर ती स्क्रीन आता, भजे गार होऊन राह्यलेत."

विलासनं स्क्रीनवरची नजर काढली न्हाई.

"थांबा साहेब. अजून एक जण आत हाय."