चालेल का?

आमच्या लॅबमध्ये एका शब्दावर माझा दात होता. तो शब्द म्हणजे ‘चालेल’. शिकायला आलेली मुलं-मुली काचपट्टी हातात धरून माझ्यापाशी येऊन उभी राहायची. “बाई, एवढा थर चालेल का?” “बाई, रंग जरा फिका झालाय, चालेल का?” माझा स्वभाव आधीच तिखट. मी म्हणायची, “ज्याला पाय असतात ते चालतं. काचपट्टीला पाय आहेत का?” मग जरा नरमून सांगायची, “उद्या तू कुठल्यातरी आडगावच्या दवाखान्यात एकटी असशील. तिथे कोणाला विचारशील, भिंतीला?”

पानशेतचं धरण फुटल्यानंतरची ती वर्षं. तळेगावच्या बाहेर क्षयरोग्यांसाठी एक रुग्णालय होतं आणि त्याच्या अगदी टोकाला आमच्या दोन खोल्या. वीज हवी तेव्हा नसायची, म्हणून सूक्ष्मदर्शक खिडकीशी मांडलेला. रुग्णांच्या बेडक्यात क्षयाचे जंतू आहेत का ते पाहायचं, हे आमचं रोजचं काम. मुलं तपासायची, पण रिपोर्टवर सही माझी. माझा एक नियम होता, जो मी कोणाला कधी सांगितला नाही. जो विद्यार्थी मला न विचारता एखादा वाईट नमुना स्वतःहून परत करेल, त्याला त्या दिवसापासून सही करू द्यायची. तपासणं कोणालाही शिकवता येतं. समोरच्या माणसाला नाही म्हणणं अवघड असतं, आणि ते ज्याला जमलं त्याच्यावर पुढे लॅब सोपवता येते.

या मुलांत एक मुलगी होती, लोणावळ्याची. वडील रेल्वेत सांधेवाले होते. रोज पॅसेंजरने यायची, डब्यात भाकरी आणि लसणाची चटणी. हात इतका हलका, की तिने ओढलेला थर बघून मलाच हेवा वाटायचा. पण दिवसभर तोच जप, बाई चालेल का, बाई चालेल का. मी चिडायची, ती हसायची आणि पुन्हा विचारायची. माझा तिच्यावर फार जीव होता. आमच्या हाताखालून गेलेल्या कितीतरी जणांत ही एक पुढे लॅब सांभाळेल असं मला वाटत होतं. फक्त तो एक शब्द तिच्या तोंडून सुटत नव्हता.

भाताची लावणी होऊन गेली होती. आंबी गावाच्या पलीकडच्या डोंगरातल्या वाडीतून एक म्हातारा आपल्या सुनेला घेऊन आला. खांद्यावर भिजलेलं कांबळं, डोक्याला पटका. मुलगा कुठे खडी फोडायला गेलेला, म्हणून सासराच घेऊन आलेला. सून विशीचीसुद्धा नसेल. लोणावळ्याच्या मुलीने तिला पत्र्याची डबी दिली आणि खाकरून बेडका काढायला सांगितलं. म्हातारा शेजारीच उभा होता. सुनेने पाठ फिरवली, पदर तोंडावर घेतला आणि आवाज न करता डबीत थुंकली. म्हाताऱ्याने डबी आणून टेबलावर ठेवली.

मी पलीकडच्या टेबलावर होते. मुलीने झाकण उघडून डबी तिरकी केली. आत नुसतं पाण्यासारखं, वर थोडा फेस. लाळेत जंतू दिसत नाहीत, आणि तसा रिपोर्ट गेला की आजारी माणूस बरा समजून घरी जातो, हे मी तिला किती वेळा सांगितलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मुद्दामच भिंगातून डोळा काढला नाही. मनात म्हणत होते, बोल पोरी, बोल.

तिने झाकण लावलं. “आबा, हे चालणार नाही.”

मला इतका आनंद झाला, की उठून तिला जवळ घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात म्हाताऱ्याचा आवाज आला.

“काय म्हन्लीस?”

“हे चालणार नाही, आबा. ही नुसती...”

“गावात आमच्या हातचं पानी चालंना,” तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. “आता आमची थुकी बी चालंना व्हय? दवाखान्यात बी?”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. मी उठले, दोघींनी त्याला परोपरीने समजावलं. तसं नाही आबा, बेडका हवा, सकाळचा हवा. पण तो शब्द त्याने जन्मभर एकाच अर्थाने ऐकला होता. ओट्यावर, विहिरीवर, लग्नाच्या पंगतीत. आमचा अर्थ त्याच्यापर्यंत पोचायला वाटच नव्हती. त्याने डबी उचलली, कांबळ्यात खोचली आणि सुनेला म्हणाला, “चल गं.” तिने दारातून एकदा वळून पाहिलं. ओसरी ओलांडून सासरा पुढे गेल्यावर ती खांबाला धरून खोकली. त्या खोकल्यात आम्हाला हवं होतं ते सगळं होतं.

पुढच्या सुट्टीला ती मुलगी एकटी आंबीला उतरली आणि विचारत विचारत वाडीवर गेली. झोपडीला झापाचं दार लावलेलं होतं. शेजारीण म्हणाली, “मजुरीला गेल्यात. कुटं ते ठावं न्हाई.” ती पुन्हा गेली, पुन्हा परत आली. लॅबमध्ये आता ती कोणाशी फारसं बोलत नव्हती. चालेल का हेही विचारत नव्हती. काम चोख करत होती, आणि मला त्याचा जराही आनंद होत नव्हता.

थंडी पडायला लागली तेव्हा ते आले. दोन माणसांच्या खांद्यावर बांबू, त्याला कांबळ्याची झोळी, झोळीत सून. मागे म्हातारा. तो लॅबची पायरी चढला नाही. त्याने आमचीच पत्र्याची डबी काढली, खालच्या पायरीवर ठेवली आणि मागे सरून उभा राहिला, अंतर राखून.

“ताई,” तो म्हणाला, “आता चालंल का?”

मुलगी पायऱ्या उतरून खाली गेली. डबीला तिने हात लावला नाही. “आबा, खाली नका ठेवू. माझ्या हातात द्या.”

म्हातारा पायरीपाशी आला. मग वाकला, डबी उचलली आणि तिच्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं तिच्या हाताला लागली तशी तो ती झटकन मागे घेऊ लागला. तिने दुसऱ्या हाताने त्याची बोटं धरून ठेवली.

“चालेल, आबा,” ती म्हणाली. डबीत बेडका होता आणि रक्त होतं.

काचपट्टीवर जिथे पाहावं तिथे लाल काड्या, क्षयाचे जंतू. तिने रिपोर्ट लिहिला आणि खाली स्वतःची सही केली. मला विचारलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. या दिवसासाठी मी पेढे आणायचं मनात ठरवून ठेवलं होतं. मी खिडकीशी जाऊन उभी राहिले आणि रडले.

इंजेक्शनं लगेच सुरू झाली. मुलगी रोज दुपारी आपला डबा घेऊन वॉर्डात जाऊन बसायची. एकदा तिने सुनेला विचारलं, त्या दिवशी खाकरली का नाहीस? सून लाजून हसली. “मामंजींम्होरं खाकरायचं कसं, ताई?” मुलीने मला येऊन सांगितलं. त्या दिवसापासून आमच्याकडे बायकांचा नमुना बाहेर, चिंचेखाली, घरच्या माणसांना लांब बसवून घेतला जाऊ लागला. आणि नमुना परत करताना ‘चालणार नाही’ म्हणायचं नाही, ‘आणखी एक हवा’ म्हणायचं. हे दोन्ही तिने ठरवलं. पुढे लोणावळ्याला तिने स्वतःची लॅब चालवली, तिथेही हीच रीत ठेवली. मला तिचा अभिमान वाटतो असं लोकांना सांगते.

सून त्या थंडीतच एका सकाळी गेली. बातमी आली तेव्हा मुलगी काचपट्ट्या रंगवत होती. तिने दिवा विझवला, हात धुतले. बाहेर म्हातारा पायरीवर बसला होता, या वेळी वरच्या पायरीवर. ती माझ्यापाशी आली. कितीतरी दिवसांनी तिने मला काही विचारलं.

“बाई, मी आबांबरोबर वाडीवर गेले तर चालेल का?”

“चालेल,” मी म्हणाले.